खडबडीत बाजू खाली

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद पत्रातूनच बरे. फोनवर आपल्या दोघांपैकी एक जण मध्येच फोन ठेवून देतो. पत्र फाडायचं असेल तरी माणूस आधी वाचून मग फाडतो.

माझा पाय अजून प्लास्टरमध्येच आहे. तिसरा मजला, लिफ्ट बंद, आणि खिडकीतून दिसतो तो समोरच्या इमारतीचा जिना. धडधाकट माणसं तो चढता-उतरताना पाहून माझा नुसता जळफळाट होतो. तिकडे संग्रहालयात माझं नवं दालन उभं राहतंय. ज्याच्यामागे मी सगळी नोकरी घालवली, तो समुद्राचा तळ त्या दालनाची जमीन होणार, आणि मी इथे खुर्चीत पाय वर करून बसलेली.

आता कामाचं. गावाबाहेरच्या खाणीत तळाशी तो पिवळट थर आहे ना, तो मालक या महिनाअखेरीस खडी करायला क्रशरमध्ये घालणार आहेत. त्यातल्या लाद्या आणि त्यांच्यावर पडलेले गोटे मी मागितले, ते हो म्हणाले. पण उचलताना तिथे आपलं माणूस हवं. आपलं माणूस म्हणजे तू.

नीट समजून घे. तो थर कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राचा तळ होता, पण चिखलाचा नव्हे, घट्ट दगड झालेला. चिखलात बुडून जाणाऱ्या जिवांना अशी पक्की जागा मिळाली की ते हलायचं नाव घेत नाहीत. कुणी दगडाला भोक पाडून आत बसलं, कुणी आपला शिंपला चिकटवून टाकला, कुणी नळ्या बांधल्या, कुणी जाळी विणली. जागेसाठी एकमेकांच्या डोक्यावर बसले. सुट्या गोट्यांवरसुद्धा तेच. वरच्या अंगाला सगळी गर्दी, खालच्या अंगाला अंधार चालणारे थोडे. म्हणून कुठलं अंग वर होतं हे कळलं नाही, तर सगळं मुसळ केरात. दगड जागचा हलवण्याआधी त्याच्या वरच्या बाजूला लाल रंगाचा ठिपका लाव. हलवण्याआधी. हे मी तीनदा लिहिलंय असं समज.

बाबा कसे आहेत? आपला धुण्याचा दगडही त्याच थरातला. खाणीच्या वजनकाट्यावर होते तेव्हा त्यांनीच आणलेला. त्यांना सांग, खूश होतील.

तुझी ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

मोठी आहेस म्हणून साष्टांग. अक्षरावरून मोठी वाटत नाहीस. तुझं डाव्या हाताचं गिचमिड हिने दोनदा वाचलं, मग मी, आणि तरी जाळी विणली की जाळी विकली हे आम्हाला ठरवता आलं नाही.

दुकानात दुरुस्तीला आलेल्या पंपांची रांग लागलीय. लोक ठरवून एकाच वेळी पंप बिघडवतात. त्यात तुझं हे काम. बरं, करतो. नाही म्हणालो असतो तरी तू करायला लावलंच असतंस, मग उगाच तोंडाची वाफ कशाला दवडू.

एक सांगू? कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्यांचं तू पानभर लिहिलंस. कोण कुठे बसलं, कुणाच्या डोक्यावर कोण. घरातल्यांना शेवटच्या चार ओळी.

बाबा बरे आहेत. दुपारी मागच्या दारी दगडापाशी खुर्ची टाकून बसतात.

तुझा धाकटा


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,

दगड गेले. मुकादमाने स्वतः ट्रकमध्ये भरून दिले. सगळ्यांना ठिपके लागलेत, एकही सुटलेला नाही. रंग पक्का आहे.

बाबा बरे आहेत. दुकानात गर्दी आहे, म्हणून एवढंच.

धाकटा


१० मार्च

चि. धाकट्यास,

एवढंसं पत्र? विजेचं बिलसुद्धा याहून मायेने लिहितात. पण काम केलंस, तेव्हा बोलत नाही. खरंच, जीव भांड्यात पडला.

दगड पोचले. जमीन घालणारा ठेकेदार इथे घरी येऊन गेला. चांगला माणूस, पण सारख्या शंका काढतो. ही लादी अशी का, ती तशी का. शेवटी मी त्याला म्हटलं, तुम्ही डोकं चालवू नका, ठिपका पाहा. ठिपका वर, बाकी सिमेंटमध्ये. त्याने ते कागदावर लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. मला हसू आलं.

संचालकांना उद्घाटनाची घाई झालीय. मेच्या मध्यावर पाहुणे बोलावलेत. लोक चपला काढून समुद्राच्या तळावर चालतील, तळव्यांना ती भोकं, ते शिंपले लागतील, असं माझं स्वप्न आहे. माझं प्लास्टर महिनाअखेरीस निघेल म्हणतात.

खाणीत तू दिवसभर उभा होतास का रे? तो थर उघडा पडलेला कसा दिसत होता? काहीतरी लिही की. मला तो परत दिसणार नाही.

ताई


३ एप्रिल

धाकट्या,

आज पहिल्यांदा काठी टेकत दालनात गेले. जमीन तयार आहे. गुळगुळीत. भिंतीपासून भिंतीपर्यंत सपाट, पिवळट, गुळगुळीत. कुठे नखाएवढी एखादी पापुद्र्याची खूण, की झालं. संचालक सोबत होते. ते म्हणाले, छान झालंय, शाळेची मुलं घसरून पडायला नकोत तेवढं बघा.

मग मी ठेकेदाराला एक लादी काढायला लावली. सिमेंट पक्कं बसलेलं. छिन्नी लावली तशी लादीचे तुकडे झाले. एक तुकडा हातात घेऊन उलटा केला. सगळे तिथेच होते. नळ्या, शिंपले, भोकं, जाळ्या, सगळी वस्ती. तोंडात सिमेंट भरलेलं.

आम्ही एक गोटा काढला, मग कोपऱ्यातली एक लादी काढली. तेच. ठेकेदाराने खिशातून माझ्या सहीचा कागद काढून दाखवला. त्याला काय बोलणार? मीच सांगितलं होतं ना, डोकं चालवू नका म्हणून.

आता ऐक. डोळे मिटून ठिपके लावले असते तरी काही बरोबर आले असते. एकही बरोबर नाही. सगळेच्या सगळे चुकवायला वेंधळेपणा पुरत नाही, त्याला सवय लागते. तुला दगडांची कसलीच सवय नाही. मग ठिपके लावले कुणी? तू तिथे होतास का?

खाणीत फोन केला होता. थर संपला. त्याची खडी रस्त्यावर पडली, वर डांबरही पडलं.

ताई


९ एप्रिल

ताईस,

नव्हतो. झालं समाधान?

मुकादमाला सगळं समजावून सांगितलं होतं. रंगाचा डबा त्याच्या हातात दिला होता. वरच्या बाजूला लाव, उचलायच्या आधी लाव, सगळं सांगितलं. काल त्याच्याकडे जाऊन विचारलं, तर तो उलट माझ्यावरच बिघडला. म्हणाला, इतकी वर्षं लाद्या काढतोय, कुठली बाजू वर ते आता तुम्ही मला शिकवणार? त्यांच्यात पद्धतच आहे. खडबडीत बाजू खाली, ती सिमेंट धरते. गुळगुळीत बाजू वर, ती पायाला लागत नाही. घरी जाऊन लादी बसवायची तेव्हा जी बाजू वर येणार, तिच्यावर खाणीतच खूण करतात. त्याला वाटलं, बाईंना फरशी घालायचीय. आणि तू फरशीच तर घालत होतीस.

त्याच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. समुद्र कुठल्या बाजूने वर होता, हा प्रश्न तुझ्याशिवाय या गावात कुणाला पडतो?

मला त्या दिवशी काम होतं.

धाकटा


१५ एप्रिल

धाकट्यास,

काम होतं. पंप असेल. एक दिवस मागितला होता मी तुझा, एक. तो थर पुन्हा कुठे मिळणार नाही, हे माहीत असून तू डबा दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळा झालास, आणि वर मला लिहिलंस, रंग पक्का आहे. हो, रंग अगदी पक्का आहे, निघता निघत नाही.

भांडून काही होणार नाही, म्हणून पुढचं लिहिते. त्या थरातला एकच मोठा दगड जगात उरलाय आणि तो आपल्या मागच्या दारी आहे. धुण्याचा दगड. आपण लहानपणापासून त्याची गुळगुळीत बाजूच पाहिली. म्हणजे समुद्राची बाजू मातीत, जशीच्या तशी असणार. दालनाच्या दारातच तो बसवते. निदान आत येणाऱ्याचं पहिलं पाऊल तरी खऱ्या तळावर पडेल. संचालकांनी होकार दिलाय.

बाबांना तिथे सिमेंटचा छान ओटा बांधून देऊ. हवा तर याहून मोठा. नाहीतरी आता धुणं मशीनमध्येच होतं ना?

ताई


२१ एप्रिल

ताई,

दगड मिळणार नाही.

आणि आता लिहितोच. बाबा बरे नाहीत. आई गेली, हे त्यांच्या डोक्यात राहत नाही. सकाळी ठीक असतात, पेपर वाचतात, माझ्या चुका काढतात. दुपार झाली की कपाटातले धुतलेले कपडे काढतात, बादलीत भिजवतात आणि दगडावर घासत बसतात. कपाटाला कुलूप लावायची सोय आमच्याकडे नव्हती, आता केलीय. तर उशांचे अभ्रे काढून धुतात.

चादर असली की सगळ्यात वाईट. एक टोक धरून उभे राहतात आणि म्हणतात, ती कुठे गेली, दुसरं टोक धर म्हणावं. आई आणि ते समोरासमोर उभे राहून चादरी पिळायचे, तुला आठवत असेल. मग मी दुसरं टोक धरतो. आम्ही दोघं पिळत राहतो आणि चादर नुसती गोल फिरते. पाणी निघत नाही. ते म्हणतात, तुला येत नाही, तिला बोलाव. हे रोज.

खाणीत दगड काढले त्या दिवशी ते बादली घेऊन आईला शोधायला निघून गेले होते. आम्ही सगळं गाव पालथं घातलं. संध्याकाळी बसस्टँडवर सापडले, मांडीवर ओली चादर. हे माझं काम.

तुला कळवलं नाही, कारण तू प्लास्टरमध्ये तिसऱ्या मजल्यावर. कळवून काय केलं असतंस? आणि खरं सांगायचं तर, तू बाबा कसे आहेत असं विचारतेस, पण उत्तराला जागा ठेवत नाहीस. मी वैतागलोय ताई. त्यांच्यावर वैतागतो, मग स्वतःवर, आणि आज तुझ्यावर.

त्या दगडापाशी ते शांत असतात. तेवढं एक ठिकाण आहे. सिमेंटचा ओटा तू तुझ्या संचालकांना बांधून दे.

धाकटा


२६ एप्रिल

धाकट्यास,

फेब्रुवारीत बाबा बरे होते. त्याच महिन्याच्या शेवटीही बरे होते, तू स्वतः लिहिलंस. मी दगड मागितला आणि सहा दिवसांत त्यांचं सगळं बिघडलं. लहानपणी तुला काम सांगितलं की पोट दुखायचं, ते मला आठवतंय. तेव्हा निदान स्वतःचं पोट पुढे करायचास, बाबांना नाही.

या वयात माणूस थोडं विसरतोच. मीही चष्मा विसरते. तू घाबरून गोष्टी वाढवतोयस, किंवा मला नाही म्हणायला तुला कारण हवंय. माझा सगळा उभा जन्म एका जमिनीत तोंड खाली करून पुरला गेलाय, आणि तू एक दगड धरून बसलायस. इथे मला रोज त्या दालनातून जावं लागतं. काठीचा आवाजसुद्धा गुळगुळीत येतो.

सोमवारी संग्रहालयाची गाडी आणि माणसं येतील. त्यांना चहा तरी दे.

ताई


६ मे

ताई,

चहा दिला.

तुझं पत्र वाचून मी ठरवलं होतं की माणसांना दारातूनच परत पाठवायचं. पण सोमवारी सकाळपासून बाबांनी आमच्या अंथरुणावरच्या चादरीच ओढून नेल्या, ही रडायला लागली, आणि मी हात टेकले. म्हटलं, न्या. दगडच नसेल तर निदान धुणं तरी संपेल. हे तुला कळावं म्हणून लिहितोय, नाहीतर तू मला फार चांगला समजशील.

त्यांनी पहारी घातल्या आणि दगड उलटवला. खाली ओली माती, मुळं, किडे. मी बादलीभर पाणी ओतलं आणि ब्रश मारला. मग मला तुझं ते सगळं दिसलं. मी पंपवाला, नळ्या मला कळतात. एक नळी सरळ आली होती, पुढे कुणाचा तरी शिंपला आडवा आला, म्हणून ती वळसा घालून गेली होती. फिटिंग करणारा माणूस करेल अगदी तसं. एका भोकात गोगलगाय बसलेली होती, जिवंत. ज्याने भोक पाडलं त्याचा पत्ता नाही, पण जागा रिकामी नव्हती. मी बराच वेळ तिथे उकिडवा बसून होतो. तुला नावं ठेवतो, पण तुझा जीव का अडकतो ते मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात बाबा आले. मला धास्तीच वाटली. त्यांनी दगडाकडे पाहिलं, खाली वाकून त्या भोकांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “हा असाच आणला होता मी. पहिल्याच दिवशी तिची बोटं सोलली. मग मी उलटा केला.”

ताई, त्यांना काल रात्री काय जेवले ते आठवत नाही. हे आठवलं.

मग म्हणाले, “परत उलटा करा. येईल ती आता.”

माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी त्यांना थांबवलं. दगड मध्येच कुशीवर उभा केलाय, दोन्हीकडून विटांचा टेकू दिलाय. एका बाजूला तुझा समुद्र आहे. दुसऱ्या बाजूला आईने घासून घासून पाडलेला खळगा आहे, जरा डावीकडे. तो इतका खोल असेल असं मला वाटलं नव्हतं, उभा केल्यावर उन्हात दिसला. तू दारात बसवणार म्हणजे एक बाजू सिमेंटमध्ये जाणार. तुझी वर ठेवलीस तर आईची खाली.

गाडीवाले पुढच्या गुरुवारी परत येतो म्हणून गेलेत. तोवर बाबा ओली चादर खांद्यावर टाकून त्या उभ्या दगडाभोवती फिरतायत, कुठे ठेवावी ते कळत नाही त्यांना.

ठिपका कुठल्या बाजूला लावू ते तू सांग. या वेळी मी स्वतः उभा आहे.

धाकटा


१० मे

चि. धाकट्या,

ठिपका लावू नकोस.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी संचालकांकडे गेले आणि म्हटलं, जमीन उलटी आहे. ते म्हणाले, कुणाला कळणार आहे? मी म्हटलं, मला. ते म्हणाले, बाई, पत्रिका वाटून झाल्यात. बराच वेळ आमची वादावादी चालली. शेवटी दाराशी पाटी लावायचं ठरलं: हा समुद्रतळ आपण खालून पाहत आहात. त्याखाली हे कसं झालं ते सगळं लिहिलंय, मुकादमाच्या पद्धतीसकट आणि माझ्या सहीसकट. तुटलेल्या लादीचे तुकडे काचेच्या पेटीत, वस्तीची बाजू वर करून. एवढंच उरलं माझं. स्वप्न होतं ते हे नव्हे.

मला अजून राग आहे. ठेकेदाराचा आहे, मुकादमाचा आहे, लिफ्टचा आहे. तुझा तर आहेच, कारण ‘बरे आहेत’ हे दोन शब्द तू मला दोनदा पाठवलेस आणि मी दोनदा गिळले. पण खरं लिहिलंस तेव्हा मी ते खोटं ठरवलं, आणि तो राग माझ्यावरच आहे, बाकी सगळ्यांवरचा मिळूनही त्याच्याएवढा होत नाही. दगडात चिखल कुठे साचलाय त्यावरून मी वर-खाली सांगते म्हणे. तुझ्या पत्रांवरून मला काही सांगता आलं नाही.

आता एक ऐक. चादर नुसती गोल फिरते असं तू लिहिलंस, ते मी कितीदा वाचलं असेल. अरे, आई डावरी होती. उजव्या हाताची दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की पीळ आपोआप बसतो. पण समोर डावरी असेल, तर एकाला आपला हात फिरवून घ्यावा लागतो. तो बाबांनी फिरवून घेतला होता, लग्नानंतर कधीतरी, आणि तो तसाच राहिलाय. ते अजून तिच्यासाठीच पिळतात. तू उजवा. तुझ्याच्याने ते कसं जमणार? तुझी काही चूक नाही.

गाडी गुरुवारी येतेय, पण दगड न्यायला नव्हे. मला आणायला. माणसांच्या मदतीने दगड होता तसा ठेवून घे, खडबडीत बाजू खाली, आणि त्या गोगलगाईला आधी बाजूला काढ. बाबांना सांग, टोक धरायला कुणीतरी येतंय. कोण ते सांगू नकोस, त्यांना जी वाटेल ती वाटू दे.

आणि कपाटाचं कुलूप काढ. एक मोठी चादर भिजवून ठेव. मी डावरी आहे.

ताई